माझ्या कादंबरीत बैल नाही

तबक हातात दिलं तेव्हा मला वाटलं, कुणाला तरी मिनिटभर मदत हवी असेल. मी धरलं. त्यावर घडी घातलेल्या शाली होत्या, नारळ होते, चकचकीत कागदात गुंडाळलेले गुच्छ होते. सत्कार समितीतले एक प्राध्यापक घाईत होते. त्यांनी माझ्या काठपदराच्या साडीकडं एकदा बघितलं, समाधानानं मान हलवली आणि मला स्टेजच्या कडेला, पडद्याशेजारी उभं केलं. नाव पुकारलं की पुढं यायचं, सत्कार झाला की मागं सरायचं. आणि चेहरा जरा हसरा ठेवायचा.

मी म्हणाले, मला सरांनी बोलावलंय. माझी कादंबरी आहे सरांकडं.

"हो, हो, सरांनीच सांगितलंय," ते म्हणाले. "तबकाला ती देवणीची मुलगी घ्या म्हणून."

नांदेडातलं मोठं सभागृह. सरांची पंचाहत्तरी. बाहेर रांगोळी, आत सनई, पहिल्या रांगेत सोफे. आठवड्यापूर्वी सरांचा फोन आला होता. त्या दिवशी तुझ्या कादंबरीचं सगळ्यांसमोर जाहीर करतो, म्हणाले. साडी नेसून ये, काठपदराची. मी लातूरला मुलींच्या हॉस्टेलवर रेक्टर आहे. फोन ठेवला आणि मी ती गोष्ट अख्ख्या हॉस्टेलला सांगितली. मुलींनी अभ्यास सोडून माझ्या पदराला पिना लावल्या. एकीनं स्वतःचे कानातले दिले. मला वाटलं होतं, स्टेजवर खुर्ची असेल. अगदी शेवटची का होईना, पण खुर्ची.

आपल्याकडं सत्काराशिवाय कार्यक्रम सुरू होत नाही. पाहुण्यांचा सत्कार अध्यक्ष करतात, अध्यक्षांचा स्वागताध्यक्ष करतात, मग स्वागताध्यक्षांचं कुणी केलं नाही म्हणून त्यांचाही होतो. या सगळ्यात एक मुलगी तबक घेऊन उभी असते. तिचं नाव पत्रिकेत नसतं. आभारात मांडववाल्याचं नाव येतं, माइकवाल्याचं येतं, तिचं येत नाही. फोटोत तिचा अर्धा हात येतो. मी अशा कितीतरी मुली बघितल्या होत्या आणि मलाही त्यांचा एक चेहरा आठवत नव्हता. त्या दिवशी ती मुलगी मी होते. हात भरून आले होते आणि मी हसत होते.

सर कोण, ते सांगते. सर म्हणजे आमच्या भागातले मोठे समीक्षक. त्यांची प्रस्तावना असल्याशिवाय इकडं नवीन माणसाचं पुस्तक निघत नाही. निघालंच तर कुणी हातात घेत नाही. मी कादंबरी पूर्ण केली तेव्हा नांदेडच्या एका प्रकाशकाला भेटले होते. त्यानं गठ्ठा हातात घेऊन नुसता वजन केल्यासारखा हलवला आणि परत दिला. सर प्रस्तावना देत असतील तर छापतो, म्हणाला. न वाचताच. मला तेव्हा त्याचा राग आला होता. सरांचा येईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

सरांची ओळख त्याआधीची. लातूरच्या एका कॉलेजात कादंबरी लेखनाची कार्यशाळा होती, सर मार्गदर्शक होते. सगळ्यांनी आपापली ओळख करून दिली. मी गाव सांगितलं, तालुका देवणी म्हणाले, तसा सरांनी चष्मा काढला. "वा. म्हणजे तुझ्याकडं सांगण्यासारखं आहे." माझं एक अक्षरही त्यांनी ऐकलं नव्हतं. आज ते लक्षात येतं. त्या दिवशी मी हवेत होते. संध्याकाळी पाया पडले तर डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "लेखिका हो." मला लेखिका म्हणणारा तो पहिला माणूस. घरी मला रेक्टरबाई म्हणतात, हॉस्टेलवर मॅडम म्हणतात. त्या एका शब्दावर मी दोन-अडीच वर्षं काढली.

कादंबरीचं नाव 'तिसरी कॉट'. मी स्वतः मेडिकलच्या परीक्षेसाठी गावाहून लातूरला आले होते. पहिल्यांदा नंबर लागला नाही, दुसऱ्यांदाही लागला नाही. रिपीटर म्हणतात आम्हाला. खोलीत तीन कॉट होत्या. तिसरी दाराजवळची, तिला पंख्याचं वारं लागत नव्हतं. तिच्यावर शिरूर अनंतपाळची एक मुलगी होती. वेणी घालताना ती रसायनशास्त्राची सूत्रं म्हणायची, केसांच्या बटा मोजल्यासारखी. एका टेस्टचा निकाल लागला आणि तिचा भाऊ मोटारसायकलवर आला. त्यानं तिची पेटी आणि वळकटी दोरीनं बांधली. उशी मावेना. ती म्हणाली, "राहू दे हितंच. परत आले की लागंलच." ती परत आली नाही. तिचं लग्न झाल्याचं कळलं. आठवड्याभरात त्या कॉटवर दुसऱ्या मुलीची चादर आली. तिच्याच उशीला नवा अभ्रा चढला. आणि मी काहीही बोलले नाही, कारण दुसऱ्या दिवशी माझा पेपर होता.

ती उशी माझ्या डोक्यातून गेली नाही. बीए केलं, त्याच गल्लीत रेक्टर झाले, आणि बघत राहिले. प्रत्येक खोलीत एक तिसरी कॉट असते. तिच्यावरची मुलगी बदलते. ज्या मुलांच्या निकालांमुळं लातूरची कीर्ती आहे त्यांचे फोटो चौकाचौकात फ्लेक्सवर लागतात. तिसऱ्या कॉटवरच्या मुलीचा फोटो कुठंच लागत नाही. म्हणून मी लिहिलं. दुपारी मुली क्लासला गेल्या की हॉस्टेल रिकामं व्हायचं, गच्चीवर कपडे वाळत असायचे आणि मी रिसेप्शनच्या टेबलावर बसून लिहायचे.

सरांकडं गठ्ठा घेऊन गेले तेव्हा म्हणाले, हस्तलिखितच राहू दे, अक्षरात माणूस दिसतो. मी ठेवून आले. माझ्याजवळ कच्ची पानं तेवढी राहिली.

मग वाट बघणं सुरू झालं. मी फोन करायचे, सर म्हणायचे, वाचतोय. घाई करू नकोस. मातीचा वास येतो तुझ्या लिखाणाला. मी विचारात पडायचे. माझी कादंबरी सगळी तिसऱ्या मजल्यावर घडते. खाली फरशी आहे, खिडकीतून समोरच्या हॉस्टेलची पाण्याची टाकी दिसते. माती असलीच तर ती मुलींच्या चपलांना लागून आलेली. पण मी मनाची समजूत घालायचे की समीक्षकांची भाषा असते तशी. एकदा म्हणाले, आई फार सुंदर उतरलीय. माझ्या कादंबरीत आई फक्त फोनवर येते. जेवलीस का विचारते, पेपर कसा गेला विचारते, ठेवून देते. तरी मला आनंद झाला. म्हटलं, बघा, एवढ्याशा फोनमधूनही सरांनी आई ओळखली.

दरम्यान मी सरांच्या कामाची झाले होते. सरांना टाइप करता येत नाही. ते हातानं लिहायचे, पानांचे फोटो पाठवायचे आणि मी हॉस्टेलच्या कॉम्प्युटरवर टाइप करून द्यायचे. लेख, भाषणं, दुसऱ्यांच्या पुस्तकांच्या प्रस्तावना. होय, दुसऱ्यांच्या प्रस्तावना मी टाइप केल्या. ज्या दुपारी माझ्या कादंबरीच्या होत्या त्याच दुपारी. नांदेडला जायचं म्हणजे चाकूर, अहमदपूर, लोहा करत अर्धा दिवस एसटीत. येताना घाण्याचं करडईचं तेल घेऊन ये, तुमच्याकडलं चांगलं असतं, असं सर हक्कानं सांगायचे. मी तेलाचा डबा मांडीवर धरून जायचे. हक्कानं सांगतात याचाच मला अभिमान वाटायचा.

एकदा त्यांच्याकडं मुंबईचे कुणी समीक्षक आले होते. मी चहाचे कप आत नेऊन ठेवत होते. सर म्हणाले, "ही आमची देवणीची लेखिका. बोल गं तुझ्या भाषेत काहीतरी."

मला कळेना काय बोलावं. सर म्हणाले, काहीही बोल, घरी बोलतेस तसं. पाहुणे माझ्या तोंडाकडं बघत होते, बाळ पहिला शब्द बोलणार असावं तसे. मी म्हणाले, "च्या थंड व्हायलाय, घ्या की."

दोघंही हसले. पाहुण्यांनी तर डोळे मिटले आणि काय गोडवा आहे म्हणाले. मीही हसले. स्टँडपर्यंत चालत गेले तेव्हा कानशिलं तापलेली होती. का तापली, ते स्वतःला विचारायचं धाडस त्या दिवशी झालं नाही. विचारलं असतं तर गठ्ठा परत आणावा लागला असता, आणि मला पुस्तक हवं होतं.

तर, स्टेजवर तबक. सगळ्यांच्या शाली संपल्या, नारळ संपत आले. सर सत्काराला उत्तर द्यायला उठले. खूप बोलले. छान बोलतात ते, हे आजही मान्य करते. शेवटी आवाज खाली आणला.

"मित्रहो, एक आनंदाची बातमी. देवणीकडच्या एका शेतकऱ्याच्या मुलीनं कादंबरी लिहिली आहे. तिला प्रस्तावना लिहिण्याचं भाग्य मला लाभतंय."

त्या क्षणी मी त्यांना सगळं माफ केलं होतं. तेल, टाइपिंग, तबक, सगळं.

"या कादंबरीत एक बैल आहे," सर म्हणाले. "देवणी जातीचा. पांढराशुभ्र, अंगावर काळे ठिपके. बाप त्याला उदगीरच्या बाजारात विकून येतो. आणि चौथ्या दिवशी पहाटे तो बैल दावं तोडून, एवढं अंतर चालून, दारात येऊन उभा राहतो. मित्रहो, ते पान वाचताना मी रडलो."

सभागृहात कुणीतरी हुंदका दिला. टाळ्या पडल्या.

मला वाटलं, देवणीची आणखी कुणीतरी आहे. मी खरंच मागं वळून बघितलं. मागं पडदा होता. सर माझ्याकडं हात करत होते आणि सगळं सभागृह माझ्याकडं बघत होतं.

आमच्या घरी बैल नव्हते. माझ्या जन्माआधीच विकले. भाऊ शेत करतो ते भाड्याच्या ट्रॅक्टरनं. मी जन्मात बैलाला वैरण घातली नाही. कादंबरीच्या एवढ्या पानांत एक कुत्रं आहे, ते हॉस्टेलच्या गेटवर झोपतं. बस. आणि हा माणूस, ज्यानं मला लेखिका म्हटलं, ज्याच्या मी पाया पडले, तो माझ्या न लिहिलेल्या पानावर रडला होता. यानं पहिलं पानसुद्धा उलटलं नव्हतं. पहिल्या पानावर तिसरी कॉट आहे.

दुःख नंतर झालं. आधी लाज वाटली, स्वतःची. मातीचा वास, उतरलेली आई, सगळं एकदम आठवलं.

मी दोन पावलं पुढं आले. माइक जवळच होता.

"सर, माझ्या कादंबरीत बैल नाही."

ते सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं. मागं कुणीतरी हसलं. मग सर प्रेमानं माझ्याकडं बघत माइकमध्ये म्हणाले, "बघा, किती निरागस आहे. लेखकाला आपण काय लिहिलंय ते स्वतःला कुठं कळत असतं."

आधीपेक्षा जास्त टाळ्या पडल्या.

मी हातातलं तबक त्यांच्या पुढ्यात, भाषणाच्या कागदांवर ठेवलं. काही पडलं नाही, काही फुटलं नाही. पायऱ्या उतरले, मधल्या वाटेनं सरळ दाराकडं चालत गेले. पाठीमागं सूत्रसंचालकानं शेर म्हटला. दारातून वळून बघितलं तर दुसऱ्या एका मुलीनं तबक उचललं होतं आणि ती हसत उभी होती.

मुक्कामाला मामाकडं राहिले. सकाळी सरांच्या घरी गेले. मनात अजूनही एक वेडी आशा होती की सर म्हणतील, चुकलं माझं, वाचायला जमलं नाही. एवढं म्हणाले असते तरी मी रडून मोकळी झाले असते.

सर नाश्त्याला चुरमुऱ्यांचा सुशीला खात होते. कालचं काही घडलंच नाही अशा आवाजात त्यांनी मला बसायला सांगितलं, काकूंना माझ्यासाठी ताटली आणायला सांगितली. मी उभीच राहिले. विचारलं, सर, तुम्ही माझी कादंबरी वाचली का?

त्यांनी शांतपणे घास संपवला.

"वाचायला कशाला हवं? देवणीची शेतकऱ्याची मुलगी काय लिहिणार, हे मला न वाचता कळतं. पन्नास वर्षं हेच करतोय."

लाज नाही, चोरी पकडल्याचं काही नाही. उलट मीच काहीतरी लहान मुलासारखं विचारलं होतं असा चेहरा. मग त्यांनी विचारलं, बरं, बैल नाही तर आहे तरी काय त्यात? इतक्या दिवसांत पहिल्यांदा विचारलं. मी सांगितलं. हॉस्टेल, तीन कॉट, रिपीटर मुली, राहून गेलेली उशी. मी सांगत राहिले, कारण अजून मला वाटत होतं की ऐकलं तर त्यांना आवडेल.

"हॉस्टेलचं शहरातल्या मुली लिहितील," सर म्हणाले. "तुम्ही मातीचं लिहायचं. तुमच्याकडून लोकांना तेच हवंय."

मग खुर्ची पुढं सरकवून, समजुतीच्या सुरात, त्यांनी तोडगा काढला. दहा-बारा पानांचा प्रसंग घालायचा. हॉस्टेलातल्या मुलीला गावाकडचा बैल आठवतो, असं काहीतरी. त्या उशीच्या जागी तो शेवटाला आला तर अधिकच चांगलं. काल सभागृह रडलं, ते पुस्तकही घेईल. तेवढं कबूल केलं की प्रस्तावना आज संध्याकाळी तयार.

खरं सांगते, माझं मन डळमळलं. दहा-बारा पानं. मी ती दोन दुपारींत लिहिली असती, आणि चांगली लिहिली असती. बैल कसा चालतो ते भावाला विचारलं असतं. पुस्तक हातात आलं असतं, वर माझं नाव असतं. मी दाराच्या चौकटीला हात लावून उभी होते आणि शेवटाला बैल आणायचा तर काय काढावं लागेल याचा हिशेब डोक्यात सुरू झाला होता. उशी काढावी लागली असती. ती मुलगी काढावी लागली असती. एकदा तिला भावानं दोरी बांधून नेलं होतं. आता मी नेणार होते.

मी म्हणाले, "माझं हस्तलिखित द्या."

सर म्हणाले, विचार कर. मी परत तेच म्हणाले. त्यांनी काकूंकडं बघितलं. काकू आत गेल्या, स्वयंपाकघरात. अभ्यासिकेत नाही, स्वयंपाकघरात. भांड्यांचा आवाज झाला. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात माझा गठ्ठा होता आणि त्या पदरानं तो पुसत होत्या. वरच्या पानावर तेलाचा गोल डाग होता. डब्याच्या बुडाएवढा. करडईचं तेल, मी मांडीवर धरून आणलेलं. काकू माझ्याकडं बघत नव्हत्या. हळू आवाजात एवढंच म्हणाल्या, "ओट्यावर डाग पडू नये म्हणून ठेवला होता गं."

मी दोघांच्याही पाया पडले नाही. हे लिहून ठेवते, कारण आमच्याकडं ते लक्षात राहतं.

स्टँडवरूनच प्रकाशकाला फोन केला. म्हटलं, प्रस्तावनेशिवाय छापा, नाहीतर निदान वाचून तरी नाही म्हणा. त्याला सगळं आधीच कळलं होतं. सरांचा फोन येऊन गेला होता. आवाज गोड करून म्हणाला, मॅडम, एवढं काय त्यात, घालून टाका की एक बैल. मी फोन ठेवला.

लोह्याच्या पुढं मायचा फोन आला. चुलतभावानं सरांच्या भाषणाचा व्हिडिओ पाठवला होता, घरी सगळ्यांनी बघितला होता.

"आपल्या घरला बैल कवा होता गं?" मायनं विचारलं.

मी म्हणाले, नव्हता.

"मग तू लिवलीस का तसं?"

"न्हाई."

"मग त्यो मानूस रडला कशाला?"

एसटी खड्ड्यांतून चालली होती, मांडीवर गठ्ठा होता, तेलाचा वास येत होता. मायला माझं पुस्तक बघायचंय. वाचता येतं तिला, अडखळत, बोट ठेवून. दर सणाला विचारते, कवा यायलंय पुस्तक. ती म्हणाली, "मोठा मानूस हाय बाई त्यो. घाल की येक बैल. तुजं काय जातंय?"

सरांनी म्हटलं तेव्हा राग आला होता. प्रकाशकानं म्हटलं तेव्हा किळस आली होती. मायनं म्हटलं तेव्हा मी रडले. शेजारी एक बाई शेंगा सोलत बसल्या होत्या, त्यांनी काही न विचारता मूठभर माझ्या हातावर ठेवल्या.

तुजं काय जातंय. अहमदपूर येईपर्यंत मी त्याचं उत्तर शोधत होते. मग गठ्ठा उघडला. डाग वरच्या पानावर थांबला नव्हता. एकेक पान झिरपत खाली गेला होता, तिसऱ्या कॉटवरची मुलगी पहिल्यांदा बोलते तिथपर्यंत. तेलानं कागद पारदर्शक झाला होता आणि पुढच्या पानावरची अक्षरं मागच्या पानात दिसत होती. पण वाचता येत होतं. सगळं वाचता येत होतं, कुणी वाचलं असतं तर.

मायला उत्तर पाठवलं, फोनवर बोलून नाही, लिहून. बोट ठेवून वाचेल म्हणून. "माय, बैल आला तर ती पोरगी जाते. पुस्तक उशिरा येईल. न्हाई आलं तर न्हाई."

तिचं अजून उत्तर आलेलं नाही. ती नाराज आहे, असं भाऊ सांगतो.

सरांचे लेख आता कोण टाइप करतं मला माहीत नाही. कुणीतरी करत असेल, कुठल्यातरी तालुक्याची. तिच्याही लिखाणाला मातीचा वास येत असेल. मी दुपारी मुली क्लासला गेल्या की रिसेप्शनच्या त्याच टेबलावर बसते आणि टाइप करते. या वेळी माझं. झालं की पाठवणार आहे. नांदेडला नाही छापलं तर लातूरला, लातूरला नाही तर जिथं कुणी पान उलटून बघेल तिथं. कुणीच नाही छापलं तर झेरॉक्स काढून याच गल्लीतल्या प्रत्येक हॉस्टेलच्या दाराजवळच्या कॉटवर नेऊन ठेवीन. तबक पुन्हा हातात धरणार नाही. कुणाला माझी भाषा ऐकायची असेल तर त्यानं माझं पान वाचावं, मी चहा देताना बोलून दाखवणार नाही.

जिथं प्रस्तावना असते ती जागा मी मोकळी सोडलेली नाही. तिथं मी टाइप केलंय:

या कादंबरीला प्रस्तावना नाही. हिच्यात बैल नाही. लिहिणारी देवणीची आहे म्हणून शोधत बसू नये. पुढच्या पानावर तिसरी कॉट आहे आणि तिच्यावर शिरूर अनंतपाळची एक मुलगी वेणी घालत बसली आहे. तिला उठवून तिच्या जागी मी कुणालाही बसू देणार नाही.